सात जण हजर

१२ जुलै, मरकाटोला

आधी सुपाचा आवाज यायचा. फट्, फट्, सर्र. मग त्याच्या मागून शकूची गुणगुण. शाळेची भिंत आणि आमच्या खोलीची भिंत एकच होती. इकडे मी चौथीला कविता म्हणायला लावायचो आणि पलीकडे शकू तांदूळ पाखडता पाखडता तीच कविता म्हणायची, वर्गापेक्षा अर्धी ओळ मागे. पोरं हसायची. मी छडी टेबलावर आपटायचो खरा, पण माझंही लक्ष त्या भिंतीकडेच असे.

शकूला अक्षर येत नव्हतं. छत्तीस वर्षं मी गावोगावी हजेऱ्या घेतल्या, तिचं नाव मात्र एकाही हजेरीपटावर घातलं नाही. सावकाश शिकवू, म्हणत राहिलो. चार इयत्तांच्या कविता तिला तोंडपाठ होत्या, सगळ्या भिंतीतून झिरपलेल्या. एक तर तिनं स्वतःच जुळवली होती:

धान म्हणे वाऱ्याला, जरा हळू जा रे,
माझ्या कुशीत निजली आहेत पोरं सारे.

'पोरं सारी' पाहिजे, असं मी म्हणायचो. ती म्हणायची, तुमच्या पुस्तकात ठेवा ते.

आमच्या मुलीनं, रंजीतानं, नोकरी लागल्यावर तिला गाणी ऐकायचा एक छोटा प्लेयर आणून दिला होता. काडेपेटीएवढा, निळा. त्यात आवाजही भरता येई. शकूनं त्यात अकरा कविता भरून ठेवल्या. ती जाऊन आठ वर्षं झाली. आता त्या प्लेयरचं कानात घालायच्या वायरीचं भोक गंजून गेलंय, त्यामुळे आतलं काहीच ऐकू येत नाही. कॉम्प्युटरला जोडून आवाज काढून घ्यावा, तर कॉम्प्युटर त्याला ओळखत नाही. चंद्रपुरातल्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या विक्कीनं दुकानातले तीन कॉम्प्युटर लावून पाहिले. शेवटी म्हणाला, 'आजोबा, नव्या सुनेनं म्हाताऱ्या सासऱ्याले ओळखू नये, तसं चालू हाये हे. याच्या वयाचाच कॉम्प्युटर पाह्यजे.' मग त्यालाच आठवलं, पूर्वी भामरागडकडच्या शाळांत त्यानं कॉम्प्युटर बसवून दिले होते. बाकीचे भंगारात गेले. मरकाटोल्याचा तेवढा असेल, कारण ती शाळा बंद आहे आणि कुलपात पडलेली वस्तू कोणी भंगारात काढत नाही.

म्हणून आलो. आलापल्लीपासून दोन्ही बाजूंनी साग, पानं भिजून जड झालेली. नदीचा पूल ओलांडला तेव्हा पाणी खाली बरंच दूर होतं, ताकासारखं गढूळ. देवाजी म्हणून गृहस्थ आहेत, शाळा होती तेव्हा तिथं स्वयंपाकी होते. किल्ली त्यांच्याकडे. साठीचे असतील, बोलणं कमी. मला शाळेच्याच खोलीत बाज टाकून दिली. जेवायला बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी आणि भात. किती वर्षांनी खाल्ली! खिडकीतून नदी दिसत नाही, पण ऐकू येते. मन अगदी हलकं झालंय. चार दिवसांत काम उरकून परत जाईन.

१३ जुलै

कॉम्प्युटर आहे. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, पाठीमागं पालींची अंडी. छतावरच्या सौरपाटीवर चालतो, म्हणजे दुपारी एकदोन तास, तेही ऊन पडलं तर. चालू झाला तेव्हा मी टाळीच वाजवली. देवाजी दारातूनच पाहत होते. आत या म्हटलं तर म्हणाले, इथीच बरा आहे.

प्लेयर जोडला. कॉम्प्युटरनं दोन सूर काढले, खालून वर जाणारे: टुं-डुंग. काही आत आलं की हा आवाज. वायर काढली की तेच सूर उलटे, वरून खाली. मला हे फार आवडलं. पाहुणा आला तर स्वागत, निघाला तर निरोप. चार वेळा उगाच जोडून काढून पाहिलं. पण पडद्यावर मात्र पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह आणि मजकूर की हे उपकरण ओळखता येत नाही.

विक्कीनं लग्नपत्रिकेच्या पाठीवर काय काय करायचं ते लिहून दिलंय. वायर बदला. पुढच्या खाचेऐवजी पाठीमागच्या खाचेत लावा. बटण तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरा. पुसून टाकायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलं तर मेलं तरी हो म्हणू नका, सगळं जाईल. हे शेवटचं त्यानं दोन रेघा मारून लिहिलंय.

वायर बदलली. काही नाही. ऊन गेलं.

१५ जुलै

काल दिवसभर पाऊस, कॉम्प्युटर चाललाच नाही. आज बारानंतर थोडं उघडलं.

पाठीमागची खाच, तेच. तीस आकडे मोजले, तेच. मग शंका आली की प्लेयरच मेला असेल तर? त्याच्यावरचं आवाज भरायचं बटण दाबलं, तर तांबडा दिवा लागला. जिवंत आहे! काहीतरी बोलून पाहावं म्हटलं. दुसरा कोणी असता तर हॅलो हॅलो म्हणाला असता. मास्तरच्या तोंडात काय येणार? माऊसखाली कुणीतरी एक जाड वही ठेवलेली होती. उघडली तर हजेरीपट. प्रौढ साक्षरता वर्ग, नऊ वर्षांपूर्वीचा. सातच नावं. शेवटच्या पानावर परीक्षेला जाण्याची तारीख, आणि त्यापुढं कोरं.

मोठ्यानं वाचली. कोलू. पोचू. इसरू. झिंगू. मुखरू. धुरपता. सुनिल. प्रत्येक नावानंतर सवयीनं थांबलोही. दिवा शेवटपर्यंत लुकलुकत होता. किती वर्षांनी हजेरी घेतली!

१६ जुलै

विचित्र गोष्ट. दुपारी कॉम्प्युटर चालू केला, प्लेयर अजून माझ्या खिशात होता, वायर टेबलावर मोकळी. आणि आवाज आला. टुं-डुंग. चढता.

जुनं यंत्र आहे, होतं असं. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा. मी मोजले, मास्तर आहे ना. सात. उतरता एकदाही नाही.

खोलीत जमिनीवर वर्गाची जुनी सतरंजी अंथरलेली आहे. संध्याकाळी पाहिलं तर तिच्यावर ओले डाग. छत गळतं वाटून काठीनं सगळी कौलं तपासली. कोरडी आहेत.

१७ जुलै

पुलावरून पाणी गेलं. सकाळी देवाजींनी सांगितलं. आता भामरागडपर्यंत रस्ता नाही, चार दिवस की आठ, ते नदी ठरवील.

शाळेमागच्या उंचवट्यावर फोनला थोडी रेघ येते. रंजीताशी बोललो. ती चिडलेलीच होती. म्हणाली, पूर येणार हे टीव्हीवर सांगत होते, तुम्ही निघाले काऊन नाही. मी म्हटलं, काम राहिलंय, शकूचा आवाज काढल्याशिवाय हलणार नाही. ती म्हणाली, 'आईच्या आवाजापायी पुरात बसून राह्यले बाबा तुम्ही. मी जितीजागती ओरडून राह्यली, ते ऐकू येत नाई?' सुट्टी टाकून येते आणि ओढून नेते, असं म्हणता म्हणता फोन तुटला. त्यानंतर रेघच गेली. टॉवर बंद पडला म्हणतात.

मी तिला येऊ नको म्हणायला हवं होतं. तोंडात शब्द होता.

परत आलो तर डाग पुढं सरकले आहेत. सात आहेत. मांडी घालून बसलेल्या माणसाएवढा एकेक. दोन रांगा. तोंड टेबलाकडे, असं मी का लिहिलं? डागाला तोंड नसतं.

१८ जुलै

आज दुपारी ऊन आलं आणि कॉम्प्युटरनं प्लेयर ओळखला. काहीही न करता. पडद्यावर खिडकी उघडली, आत बारा नावं. अकरा शकूच्या कविता, बारावी माझी हजेरी. आधी बारावी लावली, आवाज निघतो का पाहायला.

माझा आवाज. कोलू. मग तो थांबलेला क्षण.

त्या क्षणात कोणीतरी म्हणालं, हजर.

पोचू. हजर. हा दुसराच आवाज, जाड. इसरू. हजर. झिंगू म्हटल्यावर बाईचा आवाज, जरा लाजलेला. सातही. मी भरलं तेव्हा खोलीत कोणी नव्हतं.

बाहेर ओट्यावर काहीतरी पडलं. देवाजी होते, हातातलं जेवणाचं ताट खाली. भिंतीला टेकून उभे. त्यांनी विचारलं, ही नावं तुम्ही मोठ्यानं घेतली का? सांगितलं. ते खाली बसले.

मग सगळं कळलं. सातही जण परीक्षा द्यायला डोंग्यातून पलीकडे निघाले होते, तेव्हा पूल नव्हता. डोंगा म्हणजे एका झाडाच्या खोडातून कोरलेली होडी. मध्ये उलटला. एकही देह मिळाला नाही. ज्याला मातीही देता आली नाही, त्याचं नाव या गावात मोठ्यानं घेत नाहीत. म्हणाले, 'त्यायले वाट्टे, बोलावून राह्यले.' चौथी झिंगू, ती त्यांची बायको.

शकूचं एक नाव दाबलं. पहिलीच कविता. एक श्वास ऐकू आला, तिचा, म्हणण्याआधी घ्यायची तो. आणि पडद्यावर मजकूर: हे उपकरण दुसरं कोणी वापरत आहे. ते बंद करून पुन्हा प्रयत्न करा.

काढून घेता येत नाही. ऐकता येत नाही. दुसरं कोणी वापरत आहे.

वायर ओढून काढली. उतरते सूर वाजायला हवे होते. वाजले नाहीत.

१९ जुलै

पाणी शाळेच्या पायऱ्यांना लागलं. गाव टेकडीवर निघालंय. देवाजी मला न्यायला आले, दारातच उभे. म्हणाले, त्यांचे आवाज तुमच्या यंत्रात बसले आहेत, यंत्र आणि वही नदीत सोडा, ते त्याच्या मागं जातील. मी म्हटलं, त्यात माझी बायको आहे.

'माही नाई का त्यात?' ते म्हणाले. 'मले का वाटत नाई गुरुजी, तिले पाहावं? काल तिचा आवाज ऐकला, तवापासून जेवलो नाई. पण आज वर्गात बसली, उद्या घरात येईन. मंग मी जाऊ कुठी?'

मी विचारलं, असं बोलावलं तर शकूही येईल का? ते म्हणाले, तुमच्या बाईला चामोर्शीत अग्नी दिला, तुम्हीच सांगितलं, तिचं सारं झालं, ती कशाला येते. ही नदी आहे. नदीत गेलेलेच येतात. अन् दार एकदा उघडलं की कोण कोण येईल, ते आपल्या हाती नाही.

मी त्यांना सांगितलं, पुढं व्हा, यंत्र पाण्यात टाकतो आणि येतो. त्यांनी विश्वास ठेवला. मास्तर खोटं बोलत नाही, अशी त्यांची समजूत.

प्लेयर खिशात आहे. गरम लागतोय.

१९ जुलै, तीन वाजता

निघणार होतो. खरंच. पण डाग आता टेबलाच्या आणि दाराच्या मध्ये आहेत. सात जण, अगदी दाटीनं. जायचं तर कुणाच्या तरी मांडीवर पाय देऊन जावं लागेल.

एकदा पाऊल टाकून पाहिलं. सतरंजी थंड नव्हती. ऊब होती.

परत टेबलाशी.

२० जुलै

पाणी ओट्यावर, उंबरठा उंच म्हणून अजून आत नाही. खिडकीला गज. मी हाका मारल्या, टेकडी लांब आहे.

हे काही करत नाहीत. बसलेत फक्त. वाट पाहतात. मला ठाऊक आहे कशाची, वर्गात मास्तर उभा आहे आणि शिकवत नाही, तेव्हा पोरं अशीच बसतात.

म्हणून म्हटलं, आज सुट्टी. मोठ्यानं म्हटलं. दोनदा.

कोणी उठलं नाही. परीक्षा राहिली आहे त्यांची.

ऊन आलं तासभर. जोडला. दुसरं कोणी वापरत आहे. बंद करून चालू. दुसरं कोणी वापरत आहे. तीस आकडे. तेच. मग नवीन मजकूर: पुसून टाकायचं का? हो, नाही.

हो दाबलं असतं तर हे गेले असते. सातही. मला वाटतं हे, पक्कं वाटतं.

आणि तीही.

नाही दाबलं.

२१ जुलै, सकाळ

खायला संपलं. कविता शिकवतोय त्यांना, धानाची. काय करणार. आठवते तेवढी. एक ओळ झाली की सतरंजीवरून ओलसर श्वासासारखा आवाज येतो, सातांचा मिळून. वर्गापेक्षा अर्धी ओळ मागं कोणी नाही.

तेवढंच कमी आहे.

२१ जुलै, दुपार

लिहिलं. हजेरीपटावर, आठवं नाव. शकुबाई. माझ्या चांगल्या अक्षरात. कधीचं लिहायला पाहिजे होतं.

देवाजी म्हणाले होते ती नाही येणार. पण त्यांना काय ठाऊक, तिला किती शिकायचं होतं.

तांबडं बटण दाबून नाव घेतलं. थांबलो. काही नाही.

दुसऱ्यांदा घेतलं.

टुं-डुंग.

चढता. एकच. आली, आली म्हणून मी ओरडलो. सतरंजीवर आठवी जागा शोधतोय. डाग सातच. कुठं बसली? कुठं

दारावर थाप.

शकू कधी दार वाजवत नसे. ढकलून यायची.

बाबा, म्हणाली.

रंजीता आहे. रंजीताचा आवाज. मी तिचं नाव घेतलं नाही. मी तिचं नाव कुठंच लिहिलं नाही, वही पुन्हा पाहिली, नाही—

कशी आलीस, विचारलं. पुलावरून आली, म्हणते. सरळ चालत. पुलावर चार दिवस दोन माणूस खोल पाणी आहे.

खिडकीतून दिसते. ऑफिसची बॅग खांद्याला. छत्री हातात, मिटलेली. ओट्यावर घोटाभर पाण्यात उभी, आणि पाणी तिच्याभोवती हलत नाही. कुडकुडत नाही. दमली आहे फक्त. लहानपणी शाळेतून यायची तशी दमलेली.

माझ्यासाठी निघाली होती. मी येऊ नको म्हटलं नाही. देवाजींचं ऐकलं असतं, परवाच हे नदीत टाकलं असतं, दार तेव्हाच बंद—

'थकली बाबा. उघडा ना.'

जिवंत असेल तर माझी पोरगी पुरात उभी आहे. नसेल तरी माझीच

सतरंजी मधून कोरडी झाली. टेबलापासून दारापर्यंत, पायवाटेएवढी. सरकले ते. दोन्ही बाजूंना. वाट दिली मला.

जातो. कडी गंजलीय, दोन्ही हात लागतील, वही खाली ठेव